चेहरा ओळखीचा, घराणं भलतंच

चिंबोरी घरी आली की स्वयंपाकघरात पहिली धावपळ होते ती तिच्या नांग्या सांभाळण्याची. कोळणीने सुतळीने कितीही घट्ट बांधून दिलेल्या असोत, भरवसा नसतो! या गडबडीत तिच्या सगळ्यात मागच्या पायांकडे कुणाचंच लक्ष जात नाही. त्यात मांस असं ते कितीसं असणार? बऱ्याच घरांत हे बारके पाय वाटून, गाळून त्यांचं पाणी तेवढं रश्श्यात घालतात आणि चोथा टाकून देतात.

पुढच्या खेपेला ते वाटण्याआधी एकदा हातात घेऊन पाहावेत. चिंबोरीचे बाकीचे पाय टोकाला अणकुचीदार असतात. शेवटची जोडी मात्र टोकाशी चपटी, लंबगोल, थेट होडीच्या वल्ह्यासारखी. ओढ्यातल्या किंवा भातखाचराच्या बांधातल्या खेकड्याला असं वल्हं नसतं. त्याचं काम चालण्याने भागतं. चिंबोरीला आणि पाठीवर तीन ठिपके मिरवणाऱ्या तिच्या समुद्रातल्या भावंडाला पोहायचंही असतं. मालवणात किंवा गोव्यात कुर्ली म्हणून जी ओळखली जाते, तीही याच पोहणाऱ्यांच्या घराण्यातली.

आता गंमत अशी की, याच धर्तीचं वल्हं, तेही शेवटच्याच पायाला, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याला होतं. आणि त्या प्राण्याचं खेकड्याशी नातं विचाराल तर जवळजवळ नाहीच!

हा प्राणी माणसाच्या हाती लागला तो अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, दगडाच्या रूपात. सॅम्युएल मिचिल हे तिथले नामवंत डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक. अमेरिकेच्या सिनेटचे सभासदही राहून चुकलेले. १८१८मध्ये त्यांच्यासमोर वेस्टमोरलँडच्या खडकातला हा जीवाश्म आला. वीतभर लांबीचं अंग, पुढे रुंद डोकं आणि डोक्याखालून फुटलेले धागे-दोरे. मिचिलसाहेबांनी निदान केलं, हा मासा आहे! आपल्याकडच्या शिंगाळ्यासारखा, मिशा असलेला. ज्यांना ते मिशा समजले, ते बहुधा त्या प्राण्याचे पाय होते. एवढा विद्वान माणूस, पण पायांना मिशा म्हणून बसला. हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी असा प्राणी जगात होऊन गेला असेल अशी कुणालाच कल्पना नव्हती. जे पाहिलंच नाही, ते ओळखणार कसं?

सात वर्षांनी, १८२५मध्ये, जेम्स डीके या दुसऱ्या न्यूयॉर्ककराने ही चूक सुधारली. हा मासा नव्हे, सांधे असलेल्या पायांचा, अंगावर कवच असलेला प्राणी आहे, हे त्याने ओळखलं. त्याने नाव ठेवलं युरिप्टेरस रेमिपिस. रेमिपिस म्हणजे वल्ह्यासारखे पाय असलेला. नाव अगदी चपखल. पण डीकेही निम्माच बरोबर होता. त्याने या प्राण्याला कोळंबी-खेकड्यांच्या गोतात बसवलं. युरिप्टेरसचे खरे भाऊबंद म्हणजे विंचू, कोळी आणि हॉर्सशू क्रॅब, हे नीट उमगायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं.

इथे घराण्यांची थोडी ओळख करून घ्यायला हवी. ज्यांचे पाय सांध्यासांध्यांचे असतात आणि अंगाबाहेर टणक आवरण असतं, त्या सगळ्या प्राण्यांना संधिपाद म्हणतात. या अफाट कुळाच्या दोन मोठ्या शाखा. एकीत खेकडे, कोळंबी, शेवंड आणि झाडून सगळे किडे. दुसरीत विंचू, कोळी, गोचीड अशी मंडळी. या दोन शाखांचं वेगळं होणं पन्नास कोटी वर्षांहूनही जुनं. तेव्हाच्या सामाईक पूर्वजाकडे वल्हं नव्हतं. म्हणजे विंचवाच्या शाखेने ते आपलं आपण घडवलं आणि कोट्यवधी वर्षांनी, युरिप्टेरस आणि त्याचे सगळे सोयरे नामशेष झाल्यावर, खेकड्यांच्या शाखेने पुन्हा पहिल्यापासून घडवलं. कुणी कुणाची नक्कल केली नाही. करणार तरी कशी? दोघांची भेटच झाली नाही.

मग हा योगायोग म्हणायचा का? तसाही नाही. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असतं. त्यात पुढे जायचं तर पाणी मागे रेटायला रुंद, चपटी वस्तू लागते. गोल काठीने होडी वल्हवून पाहावी, हात दुखतील, होडी तिथेच राहील. पाण्याची ही अट ४२ कोटी वर्षांपूर्वी होती तीच आज आहे. आणि दोन्ही घराण्यांकडे भांडवलही सारखंच होतं, टणक आवरणाचे, सांधे असलेले पुष्कळ पाय. त्यातली एक जोडी चालण्याच्या कामातून मोकळी करायची आणि पिढ्यान् पिढ्या चपटी होऊ द्यायची, एवढाच मार्ग सोपा होता. वेगवेगळ्या घराण्यांतल्या प्राण्यांनी एकाच गरजेपोटी एकसारखं रूप घेणं याला शास्त्रज्ञ अभिसारी उत्क्रांती म्हणतात. नाव जड आहे. नद्या वेगळ्या डोंगरांतून निघून एकाच खाडीला मिळाव्यात, तसं काहीसं.

रॉय प्लॉटनिक या अमेरिकी संशोधकाने १९८५मध्ये युरिप्टेरस आणि पोहणारे खेकडे यांचा शेजारी-शेजारी ठेवून अभ्यास प्रसिद्ध केला. पोहणारा खेकडा आपलं वल्हं नुसतं मागे रेटत नाही. ते तो पक्ष्याच्या पंखासारखं तिरकं फिरवतो आणि पाण्याकडून उचल मिळवतो. युरिप्टेरसच्या नातलगांनाही हे तंत्र साधलं असेल, असं प्लॉटनिकचं म्हणणं. इतरांच्या मते ते साधं वल्हवतच होते. वाद रंगला, पण दगडातला प्राणी पोहून दाखवत नाही! जिवंत खेकड्याला टाकीत सोडून पाहायचं आणि त्यावरून मेलेल्याचा अंदाज बांधायचा, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा रस्ता.

या युरिप्टेरसच्या गोतात वीतभर प्राण्यांपासून राक्षसांपर्यंत सगळे होते. जर्मनीत सापडलेली जेकेलॉप्टेरस या प्राण्याची एकटी नांगीच ४६ सेंटिमीटरची भरली. तिच्यावरून त्या प्राण्याची लांबी सुमारे अडीच मीटर असावी, असा हिशेब २००७मध्ये प्रसिद्ध झाला. भरलेल्या पलंगापेक्षा लांब विंचू-भाऊ! तो आज समुद्रात नाही, याबद्दल कोळी बांधवांनी नक्कीच समाधान मानावं.

हे झालं एका पायाचं. सगळं अंगच उसनं वाटावं, असे प्राणीही आहेत. त्यात पहिला मान खेकड्याच्या रूपाला. रुंद, चपटी पाठ आणि शेपूट पोटाखाली दुमडलेली, हा घाट इतक्या जणांनी घेतला की लान्सलॉट बोराडेल या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१६मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नावच देऊन टाकलं. मराठीत त्याला ‘खेकडीकरण’ म्हणायला हरकत नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार खेकड्याचं रूप किमान पाच वेळा स्वतंत्रपणे घडलं. शेवटी सगळ्यांचाच खेकडा होणार, अशी थट्टा त्यावरून लोक करतात. पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की किमान सात वेळा हे रूप सोडूनही दिलं गेलं. थट्टा करणारे हे मात्र सोयीस्कर विसरतात.

अलास्काकडच्या थंड समुद्रातला प्रसिद्ध किंग क्रॅब घ्या. अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी हौसेने त्याचे लांबलचक पाय फोडून खातात. पण तो खरा खेकडाच नव्हे! नांग्या धरून त्याचे पाय मोजले तर आठच दिसतात, चिंबोरीचे दहा भरतात. उरलेली जोडी इवलीशी होऊन त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत दडलेली असते आणि कल्ले साफ करायचं काम करते. मादीचं दुमडलेलं पोट उलटून पाहिलं तर ते एका बाजूला कललेलं. हा कल आला कुठून? तर पूर्वजांकडून. किंग क्रॅबचे पूर्वज रिकाम्या शंखात संसार थाटणाऱ्या खेकड्यांपैकी होते. पिळाच्या शंखात बसायचं तर पोटही पिळदारच लागणार. शंख सुटला, खेकड्याचं रूप आलं, पण पोटावरचा पीळ काही गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातला हा प्रकार. १९९२मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जनुकं ताडून हे नातं पक्कं केलं.

सायक्लिड नावाचे लहानखुरे प्राणी तर खरे खेकडे जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून खेकड्यासारखी गोल ढाल पाठीवर घेऊन समुद्रात वावरत होते. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळापर्यंत ते टिकले आणि नाहीसे झाले.

आणि हॉर्सशू क्रॅब? घोड्याच्या नालेसारखी ढाल पाठीवर घेणारा, मागे भाल्यासारखी शेपटी ओढणारा हा प्राणी ओडिशाच्या बालासोर किनाऱ्यावर आणि बंगालच्या सुंदरबनात आजही पाहायला मिळतो. नावात क्रॅब, पण हा खेकडा नाही. हा विंचू-कोळ्यांच्या शाखेचा, म्हणजे त्या युरिप्टेरसचाच दूरचा नातलग. उलट पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत काही आठवडे जगणारा ट्रायॉप्स नावाचा बोटभर प्राणी पाहावा. तशीच ढाल, तसंच डबक्याच्या तळाशी सरपटणं. हुबेहूब छोटा हॉर्सशू क्रॅब! पण हा मात्र कोळंबी-खेकड्यांच्या शाखेतला. डबकं आटलं की तो मरतो, त्याची अंडी वाळल्या मातीत वर्षानुवर्षं पावसाची वाट पाहत पडून राहतात.

कोण कुणाच्या घराण्यातला, हा काय फक्त पंडितांनी डोकी फोडण्याचा विषय आहे? मुळीच नाही. हॉर्सशू क्रॅबचं रक्त निळं असतं आणि काही जंतूंच्या विषाचा अंशमात्र स्पर्श झाला तरी ते गोठतं. फ्रेडरिक बँग आणि जॅक लेविन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५० आणि ६०च्या दशकांत हा गुण हेरला आणि त्यावरून तपासणीची पद्धत निघाली. लशी, सलाइन, इंजेक्शनची औषधं यांत जंतूंचं विष नाही ना, हे अनेक दशकं या निळ्या रक्तानेच पारखलं गेलं. अलीकडे त्याला प्रयोगशाळेत बनवलेले पर्यायही आले आहेत. तेव्हा बाळाला टोचलेल्या लशीमागे या प्राण्याचे उपकार असू शकतात. ट्रायॉप्सची ढाल कितीही तशीच असली, तरी त्याच्या रक्ताने हे काम होणार नाही. ढाल उसनी मिळते, रक्त मिळत नाही.

रूपावरून घराणं ठरवण्याच्या या खेळात एका माणसाच्या वाट्याला आलेली कहाणी मात्र चटका लावणारी आहे. जेम्स एट्स त्याचं नाव. जन्म १७९८, गाव न्यूयॉर्क राज्यातलंच ऑल्बनी. १८२९ ते १८३१ या काळात तो एका मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाजवळच्या साऊथ शेटलँड बेटांवर गेला. त्या बर्फाळ टोकाकडे पोहोचलेला तो पहिला अमेरिकी निसर्ग-अभ्यासक. तिथे समुद्रातला एक विलक्षण प्राणी त्याच्या हाती लागला. तळहातावर मावेल एवढा, चपटा, अंगावर एकामागून एक आडव्या पट्ट्या, पट्ट्यांची टोकं दोन्ही बाजूंना काट्यांसारखी बाहेर आलेली, पुढे अर्धचंद्रासारखं डोकं आणि त्यावर दोन उठावदार डोळे.

ज्याने ट्रायलोबाइटचा जीवाश्म पाहिला आहे, त्याच्या काळजाचा ठोकाच चुकावा असं हे वर्णन! ट्रायलोबाइट म्हणजे प्राचीन समुद्रांवर कोट्यवधी वर्षं राज्य केलेले संधिपाद. त्यांचा शेवटचा वंशज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी संपला. ऑल्बनीच्या आसपासचे खडक त्यांच्या जीवाश्मांनी भरलेले. एट्स त्यांच्यातच वाढलेला. १८३३मध्ये त्याने आपल्या प्राण्याचं वर्णन छापलं आणि त्याला नाव दिलं ब्राँग्नियार्टिया ट्रायलोबिटॉइडिस. पहिला शब्द एका ट्रायलोबाइटच्याच गटाचा, दुसऱ्याचा अर्थ ट्रायलोबाइटसारखा.

एट्सची चूक झाली. तो प्राणी ट्रायलोबाइट नव्हता. तो निघाला कोळंबी-खेकड्यांच्या शाखेतला, कुंडी उचलली की ओल्या मातीत दिसणारा आणि बोट लागताच गोळी होणारा तो करडा किडा असतो ना, त्याचा समुद्रातला चुलतभाऊ. त्याला मिशांच्या दोन जोड्या, ट्रायलोबाइटला एकच. त्याचे चालण्याचे पाय साधे, ट्रायलोबाइटचा प्रत्येक पाय दोन फाट्यांचा, एक फाटा चालायला, दुसरा पिसासारखा.

आज हे दोन ओळींत सांगता येतं. पण १८३३मध्ये एट्सने हे पाहायचं कुठे? तोवर ट्रायलोबाइटचे पाय कुणी नीट पाहिलेच नव्हते! जीवाश्मात टिकते ती पाठीची टणक ढाल. पाय नाजूक, ते कुजून जातात. पाठ पाठीशी जुळत होती आणि पोटाकडून ताडून पाहायची सोय नव्हती. अशा वेळी त्याने दुसरं काय म्हणायला हवं होतं?

ती सोय झाली १८७०च्या दशकात, आणि तीही न्यूयॉर्क राज्यातच. ट्रेंटन फॉल्स गावाजवळच्या रस्ट कुटुंबाच्या शेतावर चार्ल्स वॉलकॉट नावाचा तरुण राबत असे. कॉलेजची पायरी न चढलेला, पण जीवाश्मांचं वेड भारी. शेतावरच्या एका पातळ थरात त्याला अंगाची गोळी करून गाडले गेलेले ट्रायलोबाइट सापडले. आपला संग्रह त्याने १८७३मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाला विकला, तेव्हा लुई अगासी या थोर शास्त्रज्ञाने त्याला सांगितलं, पायांच्या मागे लाग. वॉलकॉटने दगडासकट प्राणी कापायला सुरुवात केली. काप घासून घासून इतके पातळ करायचे की आरपार उजेड यावा. असे शेकडो काप त्याने काढले. गोळीच्या आत, कवचाच्या आडोशाला, पाय जसेच्या तसे होते! हाच वॉलकॉट पुढे स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख झाला.

त्याचे ते काप अजूनही हार्वर्डमध्ये आहेत, आणि कामाला येत आहेत. ट्रायलोबाइट पाठीकडून वाकतो कसा, हे ढालीवरून कळत होतं. पण पोटाकडच्या पट्ट्या आणि एवढे पाय गोळीच्या आत दाटीवाटीने बसत कसे? तिथल्या संशोधकांनी वॉलकॉटचे काप पुन्हा तपासले आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये उत्तर छापलं. पोटाच्या पट्ट्या एकमेकींवर सरकत जात, खिडकीच्या लाकडी झडपेसारख्या. आणि पायांचे बुडखे पाचरीच्या आकाराचे असल्याने कलिंगडाच्या फोडींसारखे एकमेकांना चिकटून बसत. मग त्यांनी आजचे गोळी होणारे प्राणी पाहिले. गोळी होणारा वाणी पाहिला, कुंडीखालचा तो करडा किडा पाहिला. युक्ती तीच! म्हणजे एट्सच्या प्राण्याच्या गोतावळ्याने आणि ट्रायलोबाइटने नुसती पाठच नव्हे, तर पोट दुमडायची रीतही आपापली वेगळी शोधून काढली होती.

बिचाऱ्या एट्सला यातलं काही कळलं नाही. त्याच अंटार्क्टिकाकडच्या समुद्रातून त्याने आणखी एक अजब प्राणी आणला होता, दहा पायांचा समुद्री कोळी. समुद्री कोळ्यांना पाय आठच असतात, अशी तेव्हाची ठाम समजूत. त्याने वर्णन छापलं, पण कुणी विश्वास ठेवला नाही. मोजण्यात चूक झाली असेल, म्हणाले. आधी ट्रायलोबाइट, आता दहा पायांचा कोळी, या माणसाचं ऐकायचं तरी किती? अमेरिकी सरकारच्या १८३८च्या मोठ्या सागरी मोहिमेसाठी आधी त्याचं नाव होतं, पण जहाजं निघाली तेव्हा तो किनाऱ्यावरच राहिला. पुन्हा त्या समुद्रात त्याला जाता आलं नाही. १८८२मध्ये तो वारला, तेव्हा त्याला ओळखणारे थोडेच उरले होते.

१९०२ ते १९०४ या काळात विल्यम ब्रूसच्या नेतृत्वाखाली एक स्कॉटिश मोहीम ‘स्कोशिया’ जहाजातून अंटार्क्टिकाकडे गेली. साऊथ ऑर्कनी बेटांजवळ त्यांनी जाळं टाकलं. वर आलेल्या मालात एक तांबडा समुद्री कोळी होता. त्याचे पाय मोजले, दहा भरले.

त्या गोठलेल्या खंडाच्या नकाशावर आज एका किनाऱ्याला एट्सचं नाव आहे. आणि त्याच्या पहिल्या प्राण्याचं नाव? ब्राँग्नियार्टिया हा चुकीचा शब्द गेला, त्याच्या जागी सेराटोसेरोलिस आला. ट्रायलोबिटॉइडिस मात्र अजून तसंच आहे.